दर दहा मिनिटांनी कौल

“गप ऱ्हावा! देव श्वास घ्यायलाय!”

गुणाबाबानं हात वर केला आणि भातगिरणीच्या मागच्या भिंतीपुढं बसलेली शे-दीडशे माणसं चिडीचूप झाली. भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर शेंदूर फासलेला एक दगड बसवला होता. थोडा वेळ गेला आणि त्या दगडाच्या तोंडातून ‘फुस्स्’ करून वारा सुटला, वाऱ्याबरोबर पाण्याचा फवारा उडाला. “आला, आला! कौल आला!” असा एकच गलका झाला. बायका तांबे घेऊन पुढं सरसावल्या.

एप्रिलचा महिना. रामनगरच्या अलीकडच्या त्या वाडीत दोन्ही विहिरींनी तळ गाठला होता, आणि इथं कोरड्या भिंतीतून देव पाणी देत होता. त्या पाण्याला पिवळसर झाक होती आणि उग्र वासही होता. गुणाबाबा सांगायचा, “एकशे आठ मुळ्यांचा अर्क हाय ह्यात. पोटात घ्या, डोळ्यांत घाला, म्हशीला पाजा. कुठं बी चालतंय!” डोळ्याला आणि म्हशीला एकच औषध म्हटल्यावर तरी माणसाला शंका यावी की नाही? छे, नाव नको! उळवीच्या जत्रेला निघालेल्या गाड्या फेब्रुवारीत इथं थांबल्या आणि देवाची कीर्ती पार बेळगावापर्यंत गेली.

लोकांना खरी भुरळ पडली ती कौलाची. देवाला पाकळ्या चिकटवून कौल मागायची रीत या भागात जुनीच. गुणानं पाकळ्यांची कटकटच ठेवली नाही. माणसानं प्रश्न विचारायचा, बाबानं डोळे मिटायचे. देवानं फुस्स केलं की होकार, गप्प राहिला की नकार. शनिवारी देवाचं मौनव्रत असायचं. करंट गेला की देव रागवायचा. शनिवारी गिरणीही बंद असते आणि करंट गेला की गिरणीही थांबते, हे तिथल्या एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

भिंतीच्या आतल्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये, स्टुलावर बसून कान्हू हे सगळं ऐकायचा. गिरणीचा कॉम्प्रेसर सांभाळणारा हा पन्नाशीचा गडी. बायको फुला जाऊन चार वर्षं झाली होती, लेक मयूरी लग्न होऊन गोव्यात गेली होती. त्याला त्या देवाची जन्मतारीखसुद्धा पाठ होती, कारण देवाची नळी त्यानंच भिंतीबाहेर काढली होती.

गिरणीत तांदूळ निवडायचं मशीन आहे. काळा दाणा दिसला की ते हवेच्या फटक्यानं त्याला बाजूला उडवतं. ती हवा कोरडी लागते, म्हणून कॉम्प्रेसरच्या पुढं ड्रायर. मालकानं ड्रायर घेताना कॉम्प्रेसर किती हवा देतो एवढंच बघितलं. पत्र्याखाली ती हवा किती तापते, आणि या जोयडा तालुक्यातल्या पावसाळ्यात तिच्यात किती ओल असते, हे कोण बघणार? तो छोटा ड्रायर धापा टाकायचा, पाणी पुढं जायचं आणि मशीन चांगला तांदूळही उडवून टाकायचं. दोन वर्षं मालकापुढं डोकं फोडल्यावर दिवाळीनंतर दुप्पट मोठा ड्रायर आला. तो इतकं पाणी काढू लागला की शेडमधली पोती भिजायला लागली. मग कान्हूनं भिंतीला भोक पाडून नळी बाहेर सोडली. महिन्याभरात गुणानं नळीच्या तोंडाला दगड बसवला. गुणा पूर्वी याच गिरणीत पोती उचलायचा, त्याला फुस्स कुठून येतं ते चांगलं ठाऊक होतं.

मग कान्हू बोलला का नाही? भित्रा होता म्हणून नाही. त्याआधी गिरणीच्या मागं कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. आठवडा-आठवडा त्याच्याशी ‘कॉम्प्रेसर चालू कर’ यापलीकडं कुणी बोलत नसे. आता भिंतीपलीकडं माणसं बसायची, हसायची, पोरांवर ओरडायची. कुणीतरी प्रसाद घेऊन आत डोकवायचं, “जेवलास काय रं?” म्हणायचं. कान्हूला ते फार बरं वाटायचं. आज सांगू, उद्या सांगू करत महिने गेले.

एका सोमवारी सरकारी दवाखान्यातली नर्स रक्षिता शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

“कान्हूमामा, इंदुआक्का तुमचं तरी ऐकतील काय?”

इंदुबाई म्हणजे ओढ्यापलीकडं एकटी राहणारी म्हातारी, खानापूरकडची, जिभेची तिखट, पण प्रसाद घेऊन शेडमध्ये हमखास डोकावणारी.

“काय झालं?”

“त्यांना काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो. रोज थेंब घालायचे होते, ते जत्रेपासून सोडलेत. देवानं कौल दिला म्हणे. आता हेच पाणी डोळ्यांत घालतात. दुखत नाही, म्हणून कळत नाही. उजवा डोळा गेलाय, मामा. तो आता परत येत नाही. डावा तरी वाचवायचा तर आजपासून थेंब पाहिजेत.”

इंदुआक्कानं तो कौल मागितला तेव्हा कान्हू आत, ड्रायरचं पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेपासून हातभर अंतरावर बसला होता. तिचा आवाज त्यानं ओळखला होता. “थेंब सोडू काय देवा?” असं ती म्हणाली होती, आणि त्याच्या कानाशी फुस्स झालं होतं.

तो तसाच तिच्या घरी गेला. तिनं त्याला उभ्या उभ्या झाडला. “देवाला मशीन म्हंतोस? जीभ झडंल तुजी!”

“झडू दे. उद्या माज्यासंगट शेडात चल. खोटं निघालं तर मला चपलंनं मार.”

चपलेच्या आशेनं म्हणा, ती आली.

बाहेर गर्दी जमली होती. कान्हूनं इंदुआक्काला ड्रायरजवळ स्टुलावर बसवलं आणि तिचा हात धरून बोट झडप हातानं उघडायच्या छोट्या बटणावर ठेवलं. भिंतीतल्या वाऱ्याच्या जाळीतून बाहेरचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. नागेश नावाचा एक शेतकरी विचारत होता, “बाबा, म्हस इकू काय?”

फुस्स नुकतंच होऊन गेलं होतं. गुणानं डोळे मिटले, मोठा श्वास घेतला. “देव गप्प हाय. इकू नको!”

“दाब,” कान्हू हळूच म्हणाला.

इंदुआक्कानं बटण दाबलं. फुस्स!

“व्हय म्हंतोय की देव!” नागेश ओरडला.

“ते... ते कौल न्हवं. देव शिंकला!”

“परत दाब.”

फुस्स! आणखी एकदा. फुस्स!

“बाबा, देवाला सर्दी झालीया काय?” कुणीतरी म्हणालं आणि सगळी गर्दी हसली.

इंदुआक्का हसली नाही. तिनं बोट काढून घेतलं आणि ते दुसऱ्या हातात धरून विचारलं,

“मग माजा कौल?”

“दहा मिनिटं भरली हुती, आक्का. दर दहा मिनिटांला ही झडप आपोआप उघडतीया. गुण्या उपरण्याखाली घड्याळ बघतोय. होकार पायजे असला की वेळ काढतोय, नकार पायजे असला की झाल्या झाल्या इचारायला लावतोय.”

मग तो बाहेर आला. एका हातात स्टीलचा पेला होता, त्यात थंडगार पाणी. “ह्याला बाहेरनं घाम आलाय बघा. कुठनं आला? हवेतनं. माझं मशीन त्येच करतंय. कॉम्प्रेसर हवा दाबतोय, ड्रायर तिला फ्रीजसारखी गार करतोय, आणि हवेतली ओल पाणी हून खाली पडतीया. पिवळं दिसतंय ते कॉम्प्रेसरचं तेल आन् टाकीचा गंज. ते तुमी प्यालासा. आक्कानं दवाखान्याचे थेंब सोडून हेच डोळ्यांत घातलं आन् तिचा एक डोळा गेला.”

हसू थांबलं. गुणा तोवर भिंतीच्या कोपऱ्याआड गेला होता.

“माजं बी खरं मानू नका,” कान्हू म्हणाला. “आत या, बटण दाबून बघा. दुखणं असंल तर नर्सबाईला इचारा, डॉक्टरला इचारा, पटलं न्हाई तर दुसऱ्या डॉक्टरला इचारा. पण ‘हे कसं हुतंय?’ म्हंटल्यावर जो चिडतोय, त्येच्याफुडं बसू नका.”

माणसं एकेक करून आत आली, बटण दाबून गेली. संध्याकाळपर्यंत भिंतीमागं कुणी उरलं नाही. कान्हू इंदुआक्काला घरी पोचवायला गेला. तिनं पेटीतून नर्सनं दिलेली थेंबांची नवी बाटली काढली आणि त्याच्या हातात दिली.

“तुला पैल्यापासनं ठावं हुतं,” ती म्हणाली.

“व्हय.”

“मग का न्हाई बोललास?”

“माणसं येत हुती, आक्का. सांगितलं असतं तर गेली असती. चुकलं माजं.”

ती ओरडेल असं त्याला वाटलं. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“माणूस पायजे हुतं तर माज्या दारात यायचं हुतंस,” ती म्हणाली. “मी बी एकटीच बसलेली असतिया की रं हितं. त्या भिंतीफुडं मी तरी कशाला येत हुते?”

कान्हूनं बाटलीचं टोपण उघडलं. तिनं मान मागं टाकली, आणि त्यानं राहिलेल्या एका डोळ्यात थेंब घातला.