जलदेच्या घागरीची उंची

"सही हितं करायची, केरू. तू वतलीयास, तवा तुझीबी पायजेल," असे म्हणत आप्पासोंनी कागद पुढे सरकवला.

केरूनानांनी पेन घेतले, पण टोपण काढले नाही.

नगरपंचायतीच्या कचेरीत, टेबलावर दीड फुटाची जलदा उभी होती. कोरड्या तालुक्यात कालव्याचे पाणी पोहोचले, त्याचे स्मारक चौकात उभारायचे ठरले होते; आणि पाण्यालाच स्त्रीचे रूप देऊन हा ब्राँझचा नमुना घडवला होता. खांद्याच्याही वर उचललेली घागर, तिच्यातून सुटलेली काडीएवढी सरळ धार आणि खाली चौथऱ्यातून वर आलेली दोन हातांची ओंजळ. आज सह्या झाल्या की सहापट वाढवून नऊ फुटी पुतळ्याचे काम सुरू व्हायचे. त्यानंतर बदल करता येणार नव्हता.

आप्पासो स्मारक समितीचे अध्यक्ष. मेणात पुतळी घडवणारी अपेक्षा त्यांची नात, पुण्यात शिल्पकला शिकलेली. केरूनाना मूळचे आप्पासोंच्याच गावचे. सांगलीच्या फाउंड्रीत चाळीस वर्षे ओतकाम केलेले. सकाळच्या एसटीने, विट्यावरून, घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेली पुतळी मांडीवर घेऊन ते आले होते.

"धार टिकायची न्हाई," नाना म्हणाले. "हितं नऊ इंच हाय, चौकात साडेचार फूट हुईल. एवढ्या बारीक जागंतनं ब्राँझचा रस पळत न्हाई, मधीच गोठतोय. हीच दोनदा तुटली, तिसऱ्यांदा साधली. त्यापरीस घागर खाली घ्या. काठ वंजळीला टेकंस्तवर."

यातला शब्दन् शब्द खरा होता. तरी मनातले कारण वेगळे होते, आणि ते सांगावे लागू नये म्हणून आठ दिवस त्यांनी हेच बोलणे मनाशी घोटले होते.

"नाना, त्याचा विचार केलाय मी," अपेक्षा म्हणाली. "धार वेगळी करू. आत स्टेनलेसची सळई, वरून ब्राँझची नळी. जोड दिसणारसुद्धा नाही. गेल्या महिन्यात तुम्हीच दाखवलंत की मला."

"गुरूची इद्या गुरूलाच फळली," आप्पासो हसले. "कर सही."

नानांजवळ दुसरे तांत्रिक कारण नव्हते.

"आबांनी सांगितलं तशीच केलीय," अपेक्षा आजोबांकडे पाहत म्हणाली. "पणजी असंच पाणी द्यायची ना, बाहत्तरच्या दुष्काळात?"

"सुलाबाईची हीर म्हनायचे लोक," आप्पासोंचा आवाज भरदार झाला. "गावातल्या समद्या हिरी आटल्या, आमची आटली न्हाई. आईनं कुणाला माघारी धाडलं न्हाई. ह्या केरूलाच इचार. देत हुती का न्हाई रं?"

"देत हुती."

"मग घोडं कुठं अडलंय? का म्हातारपणी अक्षर इसरलास?"

ती देत होती, हे खरेच. दहा वर्षांच्या केरूने तो उन्हाळा तिच्याच पाण्यावर काढला होता. तिच्याविषयी तोंड उघडायचे म्हणजे प्यालेल्या पाण्याला नावे ठेवायची. आणि सही करायची, तर ती घागर त्याच उंचीवर भर चौकात कायमची उभी करायची, तीही स्वतःच्या हातांनी ओतून.

नानांनी पेन खाली ठेवले. खुर्ची मागे सारून ते फरशीवर उकिडवे बसले आणि त्यांनी हनुवटीखाली ओंजळ धरली.

"आप्पासो, त्यो तांब्या घ्या. पाणी वता."

"आरं, गिलास हाय की."

"वता."

आप्पासोंनी तांब्या उचलला. ओंजळीवर धरताना त्यांचा हात आपसूक वर गेला, थेट खांद्यापाशी. धार पडली. निम्मे पाणी ओंजळीत, निम्मे कोपरांवरून सदऱ्यावर. नाना मान खाली घालून पीत राहिले. त्या दुष्काळात सुलाबाई दमली की विहिरीवर घागर तेरा वर्षांच्या आप्पासोंच्या हाती येत असे. हात ती उंची विसरला नव्हता.

"आबा, एवढ्या वरून का ओतताय?"

आप्पासोंचा हात थांबला.

"आमच्या वस्तीला तसंच मिळायचं, पोरी," नाना ओठ पुसत म्हणाले. "घागरीला आमचा हात लागू नये म्हनून. लागला, तर घागर बाटायची."

अपेक्षाने पुतळीकडे पाहिले. काठ आणि ओंजळ यांतले नऊ इंच तिने डौलासाठी ठेवले होते.

"ती आई हुती माझी, केरू."

"व्हय. तिच्यामुळंच जगलो. म्हनून तर आठ दिस रसाचं कारण हुडकत बसलो."

"पण घागर टेकवली तर खोटं हुईल. आईनं तसं कवाच दिलं न्हाई."

"आवं, चौकात कुणाला हुबं करताय? आईला का पाण्याला?"

आप्पासोंनी तांब्या टेबलावर ठेवला. पुतळीचा तोंडावळा त्यांनी जवळून निरखला. मग सह्यांचा कागद त्यांनी उलटा केला.

"काय करावं लागंल?" त्यांनी विचारले.

"आधी ही धार कापायची," अपेक्षा म्हणाली. "मग हात नव्यानं घडवीन."

ती खालच्या पाणीपुरवठा विभागात गेली आणि लोखंड कापायची करवत घेऊन आली. नानांनी पाते धारेला लावले, पण पहिल्याच फेऱ्याला पुतळी डगमगली.

"आबा, धरा जरा."

आप्पासो पुढे झाले. पुतळीला कुठे धरावे, हे त्यांना क्षणभर कळेना. अखेर दोन्ही हातांनी त्यांनी तिची कंबर धरली.

"बेतानं रं," ते म्हणाले.

करवत चालू झाली. तिची थरथर आप्पासोंच्या कोपरांपर्यंत चढत होती. धार तुटून टेबलावर पडली, तरी त्यांनी हात काढले नाहीत.