कड्यावर पुढे कोण

"हे बूट ज्याने शिवले त्याने माणसाचा पाय कधी पाहिलेला नसणार," सैराअपा सुनेच्या कानाशी पुटपुटली. "बोकडाच्या खुराचं माप घेतलंय मेल्याने."

झीबेकने सासूचा दंड धरला आणि हसू ओठांतच ठेवलं. ही कुरकूर बुटांची नव्हती, हे तिला कळत होतं. घोडे खाली कुरणात बांधून झाले होते आणि समोर कडा होता.

घोड्यावर होते तोवर आकेंची, तिच्या सासऱ्यांची, काळजी नव्हती. घोड्याला दिसत होतं. कारकोलच्या डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलं होतं की उजवा डोळा गेला, डाव्यात थोडं उरलंय, तेही फार दिवस टिकायचं नाही. सांगितलं ते मुलाला, उर्मातला. ज्याचं दुखणं त्याच्या तोंडावर ते बोलायची आपल्याकडे पद्धत नाही. उर्मातने आईला सांगितलं, आईने सुनेला. आकेंना कुणी काही बोललं नाही, आणि आकेंनीही कुणाला विचारलं नाही. तेव्हापासून घराला वेगळंच बोलणं लागलं होतं. अपा चहाची वाटी जरा जोरात टेकवायची, म्हणजे कुठे ठेवली ते ऐकू यावं. मेंढ्या मोजताना उर्मात आकडे मोठ्याने म्हणायचा, आणि आके मान हलवून "बरोबर" म्हणायचे.

हे सगळं घरात निभलं. पण झीबेक-उर्मातच्या एलदियारला पाच वर्षं पूर्ण झाली, आणि त्या घरातलं प्रत्येक पोर पाचव्या वर्षी आजोबांच्या पाठीवर बसून कडा चढतं, वरच्या खिंडीतून पहिल्यांदा सरोवर पाहतं. उर्मातने तसंच पाहिलं होतं. यंदा राहू दे, गवत ओलं आहे, अपाचे गुडघे दुखतात, असं सगळ्यांनी आडून आडून सुचवून पाहिलं. आकेंनी अपाची लोकरी शाल मागितली आणि नातवाला पाठीला बांधून घेतलं.

आता आके पुढे, त्यांच्यामागे झीबेक, आणि खाली उर्मात आईला हात देत. झीबेकला मागे राहणं अंगवळणी पडलेलं होतं. सात वर्षांत तिने सासऱ्यांचं नाव उच्चारलं नव्हतं, त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता, की त्यांची वाट ओलांडून कधी पुढे गेली नव्हती. पण मागून चालणाऱ्याला पुढच्याचे पाय दिसतात, त्याला कोण काय करणार.

कडा आकेंना तोंडपाठ होता. हात आपोआप खाचेत जात होता, गुडघा नेमका फटीत टेकत होता. खालून अपाची बडबड चालू होती. काय बाई हा निळा दगड, अगदी डाव्या हाताशी आणून ठेवलाय कुणीतरी. उर्मात पोराला ओरडून सांगत होता की बघ, उजवीकडे केवढी भेग आहे, सरडा असेल आत. पोराला सरडा दिसेना. आकेंचा हात मात्र भेगेत गेला.

अर्ध्यावर एक पायरीसारखा धोंडा होता. होता म्हणजे मागच्या उन्हाळ्यापर्यंत. हिवाळ्याच्या बर्फाने तो उखडून खाली नेला होता, आणि तिथला खडक नुकत्याच सोललेल्या बटाट्यासारखा पिवळट दिसत होता. आकेंचा पाय तिथे गेला आणि हवेत चाचपडू लागला. एकदा, दोनदा. पोराला वाटलं आजोबा मुद्दाम झुलवतात, ते खिदळलं.

झीबेकने वर हात घालून तो बूट पकडला आणि बाजूच्या कपारीत टेकवला. आकेंनी भार दिला आणि ते वरच्या अरुंद टप्प्यावर चढले. तीही चढली. बुळबुळीत झालंय जरा, एवढंच ते म्हणाले. तिने हुंकार दिला.

पुढचा टप्पा सर्वांत अवघड. उजवीकडे फटीतून वाट, डावीकडे खडक गुळगुळीत आणि खाली काही नाही. उर्मातने खालून सुचवलं की चहा इथेच घेऊ, दृश्य इथूनही चांगलं आहे. अपाने लगेच री ओढली, तिला म्हणे चक्करच येत होती. चहा वर, आके म्हणाले. त्यांनी खडकावर तळहात फिरवला. त्यांच्या हाताखाली उन्हाळ्यागणिक ओळखीचं काहीतरी असायचं, ते आज सापडत नव्हतं. मग त्यांनी श्वास घेतला आणि डावा पाय उचलला. डावीकडे.

झीबेक त्यांच्या आणि दरीच्या मधे जाऊन उभी राहिली. सरळ पुढ्यात. तिचा खांदा त्यांच्या छातीला लागला तसा त्यांचा पाय थांबला. खाली अपाची बडबड एकदम बंद झाली. सून सासऱ्यांना आडवी गेली, हे तिघांनाही समजलं. पोराला तेवढं समजलं नाही, त्याने आईचं नाक धरलं.

आके वाट पाहत राहिले. ती काहीतरी निमित्त सांगेल, पोराला शी लागली असेल, शाल सैल झाली असेल. तसं निमित्त तिच्या ओठांवर आलंही होतं. त्यांच्या पापण्यांवर धूळ बसली होती आणि डोळे तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला, आभाळाकडे लागले होते.

तिने शालीच्या गाठीवर हात ठेवला.

"आके, तुम्हाला दिसत नाही," ती म्हणाली, खाली ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "पोराला माझ्याकडे द्या. वाट तुम्ही सांगा, मी पुढे होते."