लाल-पांढरी वायर

टीव्हीखालचा जुना रिसीव्हर गेला तेव्हा मावशीला आनंद झाला. उघडपणे नाही. उघडपणे ती "अरेरे" म्हणाली, आणि कुणाला शंका नको म्हणून दोनदा म्हणाली.

रिसीव्हर म्हणजे ती जडशीळ काळी पेटी. घरातली सगळी यंत्रं आपापल्या वायरी तिच्या पाठीत खुपसून बसायची आणि ती एकेकाचा आवाज स्पीकरांना वाटून द्यायची. पण पाठीला भोकं मोजकीच, आणि मावशी या घरात आली त्याच्या आधीच ती सगळी भरलेली. एकात टीव्हीचा डबा, एकात डिस्क-प्लेअर, एकात चिमीचा गेम आणि लाल-पांढऱ्या भोकांच्या एकुलत्या एका जोडीत रेकॉर्ड-प्लेअर. तो चिमीच्या आईचा. चिमीच्या आईला जाऊन बारा वर्षं झाली होती, मावशीला येऊन नऊ.

मावशी काही चिमीची खरी मावशी नव्हती. वडिलांनी दुसरं लग्न केलं तेव्हा पोरगी आठ वर्षांची. "आई" म्हणवेना, नावाने हाक मारणं बरं दिसेना, म्हणून मावशी. मग शेजारपाजारचे म्हणायला लागले, दूधवाला म्हणायला लागला आणि शेवटी नवराही. मावशीने ते चालवून घेतलं. बटणं आणि झिपांच्या दुकानात तिची निम्मी हयात गेलेली. हुबेहूब बटण मिळालं नाही तर त्यातल्या त्यात जवळचं लावा, असं ती गिऱ्हाइकांना रोजच सांगायची.

ती या घरात आली ती एक सुटकेस आणि एक कॅसेट डेक घेऊन. डेक तिने पहिल्यावहिल्या पगारांतून घेतला होता. स्वतःच्या आईच्या आजारपणात तिशी उलटली, चाळिशी आली, आणि त्या सगळ्या संध्याकाळी तिने रेडिओवरची गाणी डेकवर उतरवून घेतली. मध्येच निवेदिकेचा आवाज, मध्येच आईचा खोकला, एका गाण्यात तर ऐन अंतऱ्याला कुणीतरी दार वाजवतं. लग्नाच्या दिवशी नवऱ्याने तो डेक स्वतः छातीशी धरून जिने चढून वर आणला होता. चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस, जड उचलायची सवय नाही. दारात टेकून धापा टाकत म्हणाला होता, "लावू हं आपण हा. जरा जागा करतो."

जागा काही झाली नाही; डेकलाही तीच लाल-पांढरी जोडी लागायची. डेक उशीच्या अभ्र्यात गुंडाळला गेला, कपाटावर चढला आणि तिथलाच झाला.

चष्मेवाला वाईट नव्हता. मावशीचे पाय दुखले की न सांगता गरम पाण्याची पिशवी भरून आणायचा. रोज सकाळी स्वतःचा चष्मा पुसायच्या आधी तिचा पुसायचा. तो फक्त विसरला होता. आणि मावशीने आठवण केली नव्हती. मागून घेतलेली जागा तिला नको होती, त्याच्या त्याला आठवून त्याने दिलेली हवी होती. हा तिचा हट्ट. तो तिने कुणाला सांगितलाच नाही, तर पुरवणार तरी कोण?

आता मात्र नवी पेटी येणार होती. मावशीने दुकानात गिऱ्हाईक नसताना फोनवर शोधशोध केली. महागड्यांकडे बघायचंच नव्हतं. अखेर एक खिशाला परवडेल असा सापडला: टीव्हीचा डबा, डिस्क, गेम यांच्यासाठी एचडीएमआयची चपटी भोकं चार, आणि लाल-पांढऱ्या जोड्या चक्क दोन. घोडं एका ठिकाणी अडत होतं. रेकॉर्ड-प्लेअरचा आवाज मुळातच बारीक, त्याच्यासाठी जुन्या पेटीत खास सोय होती, ती यात नव्हती. पण मध्ये एक काडेपेटीएवढी डबी जोडली की काम होत होतं. म्हणजे एका जोडीत चिमीची आई आणि दुसरीत आपण. कुणी कुणाला उठवायला नको.

मावशीने डेकसाठी सोनेरी टोकांची नवी लाल-पांढरी वायरही आणून ठेवली. बटणांच्या डब्यात, तळाशी.

"काय काय जोडायचंय?" दुकानातल्या विक्रेत्याने विचारलं.

चष्मेवाल्याने पंजा वर केला आणि एकेक बोट मिटत गेला. "टीव्हीचा डबा, डिस्क, मुलीचा गेम... आणि रेकॉर्ड-प्लेअर. बस."

चार बोटं मिटली. अंगठा उभाच राहिला. मावशी त्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"हा दाखवा," ती फळीवर बोट ठेवून म्हणाली.

"ताई अभ्यास करून आल्यात!" विक्रेत्याने पेटी काउंटरवर उलटी फिरवली. "गिऱ्हाईक पुढून बघतं, मी मागून दाखवतो. माल कळतो तो मागून. सगळं बसेल तुमचं. रेकॉर्ड-प्लेअरला तेवढी मध्ये एक डबी लागेल."

"आवाज बदलेल का त्याने?" चष्मेवाल्याने विचारलं.

"खरं सांगू, दादा? कान लावून ऐकलंत तर किंचित. नाही लावलात तर नाही."

"मी कान लावूनच ऐकतो ते."

विक्रेत्याने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि खालच्या कप्प्यातून दुसरा खोका ओढला. "मग हा बघा. मागचं मॉडेल आहे म्हणून त्याच भावात सोडतोय. रेकॉर्ड-प्लेअरला खास भोक, डबी-बिबी काही नको. आधी वाजायचा तस्साच वाजेल. फक्त दुसरी लाल-पांढरी जोडी नाही यात. पण हल्ली जुनंपुराणं जोडतंय कोण!"

चष्मेवाल्याचा चेहरा असा उजळला की मावशीला तिकडे बघवेना. तो पेटीच्या पाठीवरून बोट फिरवत होता, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना फिरवतो तसं, हलकेच. मग तिच्याकडे वळला.

"आपल्याकडे तसलं दुसरं काही नाहीच ना गं?"

नऊ वर्षं ती ज्या प्रश्नाची वाट बघत होती तो हाच. फक्त उलटा करून विचारलेला. सांगायला काय लागत होतं? अहो, माझा डेक. तुम्हीच नाही का वर आणलात? दोन वाक्यं. तो कपाळावर हात मारून घेईल, ओशाळेल, दहादा माफी मागेल, पहिला रिसीव्हर घेईल. आणि मग डेक रोज वाजेल, पण तो त्याच्या ओशाळलेपणामुळे.

"नाही," मावशी म्हणाली. "काही नाही."

"मग बांधू?"

"बांधा."

घरी आल्यावर चष्मेवाला कमरेला पंचा बांधून कामाला लागला. चिमी टॉर्च धरून उभी. "बाबा, तो नाही, त्याच्या शेजारचा! अहो, चष्मेवाले असून दिसत नाही तुम्हाला!" असं हसतखिदळत चाललं होतं, आणि एकदम शांत झालं. रेकॉर्ड-प्लेअरची जुनी वायर वाळून गेली होती. लाल टोक त्याच्या हातात आलं.

तो जमिनीवर तसाच बसून राहिला, तुटकं टोक तळहातावर घेऊन. "हिच्या आईने लावलेली होती गं ही," तो म्हणाला.

मावशी आत गेली. बटणांचा डबा उघडला, तळाशी हात घातला आणि बाहेर येऊन सोनेरी टोकांची वायर त्याच्यापुढे धरली.

"ही कुठून आणलीस?"

"घरातच होती."

"बघ चिमे! मावशीकडे नाही असं कधी होतच नाही."

वायर बसली. रेकॉर्ड फिरायला लागली, थोडी खरखर झाली आणि मग तो आवाज खोलीभर पसरला. चष्मेवाल्याने डोळे मिटले. मावशी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली.

मागोमाग चिमी आली. ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "मावशी, तुझा तो टेप होता ना गं? कपाटावर, अभ्र्यात. मी लहान असताना त्याची बटणं दाबायचे. ती वायर त्याची होती का?"

मावशीने साखरेचा डबा उघडला, साखर घालून झाली होती तरी.

"आपण त्याला विसरलोच की," चिमी म्हणाली. "थांब, बाबांना सांगते. पेटी बदलून आणू उद्या."

"काही सांगू नकोस. चालत नाही तो."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

मावशीने गॅस बारीक केला.

"मावशी!" बाहेरून हाक आली. "ऐक तरी, अगदी पहिल्यासारखं वाजतंय!"

"ऐकतेय हो," मावशी म्हणाली. "येतोय आवाज इथपर्यंत."