मातीवरचा पांढरा थर

मित्रांनो, मी कुंडीतलं एक जुनं लिंबाचं झाड आहे. केस कापायच्या दुकानात, काचेच्या दाराशी माझी जागा. मला लावणारे मालक वारले आणि खिडकीजवळची खुर्ची कोणाची, यावरून त्यांच्या दोन मुलांनी अबोला धरला. काही सांगायचं झालं तर ते गिऱ्हाइकाच्या तोंडून सांगत.

माझ्यावर मात्र दोघांचा जीव. थोरला जेवायला गेला की धाकटा मला मूठभर खत घाली, धाकटा गेला की थोरला. एकमेकांना पत्ता नाही. मी मान टाकली, तशा दोघांच्याही मुठी मोठ्या झाल्या.

माती ओली, तरी मी तहानेनं व्याकूळ. मुळांच्या पेशींना पातळ पडदा असतो. तो पाण्याला वाट देतो, क्षारांना सहसा अडवतो. जिकडे क्षार जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. एरवी ते माझ्या आत जास्त असतात, म्हणून पाणी आपसूक आत येतं. यालाच परासरण म्हणतात. आता खतामुळे मातीच माझ्याहून खारट झाली आणि माझ्यातलं पाणी बाहेर निघालं. पण मीही हट्टी. शेंड्याची दोन पानं काही केल्या सोडायची नाहीत, असं मी ठरवलं.

मातीवर पांढरा थर धरला. दाढीच्या दुकानात पांढरं दिसलं की काय वाटणार?

"मास्तर, त्याला सांगा, बाबांच्या झाडात साबणाचं पाणी ओतू नकोस," खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची दाढी करता करता थोरला म्हणाला.

"मी कशाला ओतू? तोच ओततो!" धाकटा उसळला.

शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर फेसानं माखलेल्या तोंडानंच उठले. त्यांनी थर बोटांत चोळून पाहिला. "साबण कुठला? खत आहे हे! कोण घालतं?"

"मी," दोघं एकदम म्हणाले आणि एकमेकांकडे बघतच राहिले.

"अरे, एवढ्या खतानं मुळांतलं पाणी बाहेर जातंय. बाहेर न्या आणि भरपूर पाणी ओतून खत धुऊन काढा. आत्ताच!"

कुंडी एकट्यानं उचलण्यासारखी नव्हती.

"दादा, तिकडून धर," धाकटा म्हणाला.

"धरलंय. तू पायरी सांभाळ."

बादल्यांवर बादल्या ओतल्या. मास्तर अर्धी दाढी घेऊन ताटकळले. हळूहळू मुळांत पाणी शिरू लागलं आणि मला रडू यावं इतका आनंद झाला. ती दोन पानं मी सोडली नाहीत.

मित्रांनो, जीव लावा, पण ज्याला लावता त्याला काय हवंय तेही बघा. दोघे भाऊ अजून फारसं बोलत नाहीत. पण खताच्या डब्याला हात लावण्याआधी थोरला न चुकता विचारतो, "तू घातलंस का रे?"

आणि धाकटा उत्तर देतो.