भरदुपारचा काळोख

मुलाने दाराआडून प्रश्न विचारला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. प्रश्न साधाच होता. "आई, भरदुपारी पूर्ण काळोख होणार म्हणे आपल्याकडे. खरं का?" त्याच्या खोलीत रेडिओ असतो, त्यावर ऐकलं असणार. मी जेवणाचं ताट उंबऱ्याशी ठेवायला वाकले होते, ती तशीच वाकलेली राहिले. कित्येक महिन्यांत तो आपणहून एवढं बोलला नव्हता.

तो कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होता. वयाने तिथे सगळ्यांत लहान, पण आचेवर हात असा बसलेला की मोठे आचारीसुद्धा त्याला वस्ताद म्हणायचे. एके सकाळी तेलाच्या कढईने पेट घेतला. जीव वाचला. चेहऱ्याची डावी बाजू, मान आणि डावा हात भाजला तो कायमचा. हॉस्पिटलमधून आल्यावर पहिल्याच दिवशी तो साबण आणायला खाली दुकानात गेला, आणि रांगेतल्या एका बाईने आपल्या लेकीचे डोळे हाताने झाकले. तो साबण न घेताच परत आला. आमच्या घराच्या वर फक्त गच्ची, आणि गच्चीच्या कोपऱ्यात एक खोली, पूर्वी अडगळीची. त्या खोलीत तो गेला तो गेलाच. तिचं दार गच्चीवर उघडतं. उघडतं म्हणजे अंधार पडल्यावर, सगळी इमारत निजली की.

सकाळचा दिवा, जप आणि त्याचं ताट रिकामं परत आल्याशिवाय घास न घेणं, एवढा माझा रोजचा नेम. तिसरी गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, त्यालाही नाही. हल्ली ताटं भरलेली परत येऊ लागली होती. उपाशी राहण्याचं मला काही नाही, सवय आहे. पण थोड्याच दिवसांपूर्वी तो एवढंच म्हणाला होता, "असं किती दिवस चालायचं, आई?" आवाजात राग नव्हता की रडू नव्हतं. गच्चीला कठडा आहे, पण तो माझ्या कमरेएवढाच. तेव्हापासून मी पांघरूण घेऊन जिन्यातच निजत होते.

त्यामुळे त्याने तो प्रश्न विचारला तेव्हा मला वाटलं, देवाने एक खिडकी किलकिली केली. भरदुपारी काळोख. सगळी माणसं घराबाहेर, आणि सगळ्यांच्या माना वर. अशा वेळी खाली कोण कोणाकडे बघतंय?

आमच्या मजल्यावर एक नर्स राहते. सगळे तिला सिस्टर म्हणतात. तिला विचारलं तर ती म्हणाली की खरंच आहे, सूर्य पूर्ण झाकला जाणार, आणि आपलं गाव बरोबर ग्रहणाच्या पट्ट्यात येतं. इमारतीतल्या लोकांचा बेतही ठरत होता. दुपारी सगळ्यांनी जमायचं, शेगड्या मांडून तिथेच भाजायचं, तिथेच खायचं, आणि ग्रहण बघायचं. मागच्या मोकळ्या मैदानात.

मैदानापर्यंत चार मजले उतरून तो जन्मात आला नसता. त्याला फक्त दार उघडता आलं असतं. म्हणजे जे काही व्हायचं ते गच्चीवरच व्हायला हवं होतं.

बैठक सोसायटीच्या सेक्रेटरींच्या घरी होती. मी कधी बैठकीला जात नाही, त्या दिवशी जाऊन कोपऱ्यात बसले. कोण काय आणणार हे चाललं होतं. टेलरभाऊंनी शेगडी सांभाळायचं आपल्याकडे घेतलं होतं. जन्मभर इस्त्री तापवली, निखाऱ्यातलं मला सांगू नका, असं त्यांचं म्हणणं. सगळं ठरत आलं तेव्हा मी म्हटलं, गच्चीवर करू या. आवाज माझा मुळातच लहान, दोनदा म्हणावं लागलं.

सेक्रेटरींनी गच्चीवर गळतीसाठी घातलेल्या डांबराचं कारण सांगितलं, पाण्याच्या टाकीचं सांगितलं, गच्चीवर विस्तव नेण्याची मनाई कुठे लिहिली आहे तेही सांगितलं. टेलरभाऊ म्हणाले, मैदानात आभाळ मोठं दिसतं. सेक्रेटरींच्या पत्नी म्हणाल्या, गच्चीवर उगाच त्याला त्रास. 'त्याला' म्हणताना त्यांनी वर छताकडे बघितलं. कोणाच्या त्रासाचं बोलणं चाललंय ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी जप झाल्यावर मी सेक्रेटरींच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तिसऱ्या दिवशीही. ते ऑफिसला निघताना मी जिन्यात, परत येताना मी जिन्यात. हात जोडायचे आणि म्हणायचं, गच्चीचं बघा ना. टेलरभाऊंनी चेष्टा केली, काकू, देव लवकर पावेल, हे नाही पावायचे. मी म्हटलं, देवाशीही माझं असंच चालतं.

शेवटी सेक्रेटरी चिडले. "अहो काकू, गच्चीत असं काय सोनं पुरलंय तुमचं?"

"माझं तिथेच आहे सगळं," मी म्हटलं.

ते बराच वेळ किल्ल्या हातात खेळवत राहिले. मग म्हणाले की खाली पत्रे टाका, वाळूच्या बादल्या भरून ठेवा, आणि एक जरी ठिणगी उडाली तरी जबाबदारी तुमची.

तेव्हा मला खरी भीती वाटली. इतके दिवस जागेसाठी झगडत होते, विस्तवाचा विचारच केला नव्हता. ज्या आगीने त्याला त्या खोलीत घातलं, ती मी त्याच्या उंबऱ्यासमोर पेटवायला निघाले होते. मी सिस्टरला म्हटलं, गार जेवण करू या का, घरून डबे आणतील सगळे. ती म्हणाली, आता ते जमायचं नाही, शेगडीसाठीच निम्मे लोक येतायत. मग माझा हात धरून तिने विचारलं, खरं काय ते सांगा. मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. फार आशा ठेवू नका, म्हणाली. आणि ग्रहणाचे चष्मे मी आणते, चष्मे कधी काढायचे आणि कधी लावायचे ते मीच सांगेन, म्हणजे सगळ्यांच्या माना वर राहतील तेवढं मी बघते.

आता त्याला सांगायचं राहिलं होतं. मी दाराला कान लावून बसले आणि म्हटलं, "बाळा, त्या दिवशी गच्चीवर माणसं असतील. पण काळोख झाला की सगळे वर बघतील. तुझ्याकडे कोणी बघणार नाही. तू नुसता दाराबाहेर ये. माझ्याजवळ उभा राहा."

"आणि उजेड आल्यावर?" तो म्हणाला.

एवढे दिवस दारोदार फिरले, हात जोडले, आणि हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. त्या दिवशी ताट जसंच्या तसं परत आलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

ग्रहणाच्या दिवशी सकाळी ढग होते. मी दिवा लावला, पण जपात मन लागेना. देवापुढे बसून मी भांडले. म्हटलं, एवढं मागितलं नव्हतं मी कधी. ढग तरी बाजूला कर. हे एवढं करता येत नसेल तर बाकीचं काय करणार आहेस तू. मग आपल्या बोलण्याची लाज वाटली आणि डोकं टेकलं.

अकराच्या सुमाराला ढग फाटले. लोक वर येऊ लागले. सतरंज्या, खुर्च्या, बर्फाच्या बादल्या, कणसांची पोती, बटाटे, कांदे, आणि खाणाऱ्यांसाठी मसाला लावलेली कोंबडी. कोपऱ्यातल्या दारापासून सगळ्यांनी आपोआप लांब बैठका घातल्या. शेगडी मात्र वाऱ्याच्या आडोशाला म्हणून त्या दारासमोरच मांडावी लागली. टेलरभाऊंनी कोळशावर रॉकेल ओतलं आणि भडका उठला. दाराआड काहीतरी पडल्याचा आवाज आला. तांब्या असेल, नाहीतर तोच मागे सरला असेल. मी दाराकडे पाठ करून उभी राहिले, जणू माझ्या पाठीमुळे आग आत दिसणार नव्हती.

कोणीतरी मला खायला आग्रह केला. टेलरभाऊ म्हणाले, "काकूंना नका विचारू. दुपारी रात्र झाली की त्यांचा दुसरा उपास सुरू होईल." सगळे हसले. मीही हसले. दोन दिवस पोटात काही नव्हतं आणि उभं राहताना भिंत धरावी लागत होती.

सूर्य कडेने खाल्ला जाऊ लागला. ऊन फिकं पडलं, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखं. वारा गार झाला. टेलरभाऊंनी जाळीवर सगळं एकदम मांडलं, कोंबडी, कणसं, कांदे, बटाटे, आणि वरून हात सैल सोडून तेल. मग तेही चष्मा लावून लोकांत जाऊन उभे राहिले. उजेड भराभर ओसरला. पाखरं ओरडत झाडांकडे गेली. सिस्टरचा आवाज आला, "काढा चष्मे. आता बघा."

सगळ्या गच्चीने एकदम श्वास आत घेतला. मी वर बघितलं नाही. आयुष्यात पुन्हा न दिसणारी गोष्ट डोक्यावर होती आणि मी एका लाकडी दाराकडे बघत होते. आभाळाच्या कडेला चारही बाजूंनी संध्याकाळ पसरली होती. दार बंद होतं.

आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी त्याला काळोख कबूल केला होता, पण इथे काळोख नव्हता. शेगडीचे निखारे लाल झाले होते. दारापासून शेगडीपर्यंतची जमीन उजळली होती. तो बाहेर आलाच असता तर सगळ्या गच्चीवर त्याचाच चेहरा तेवढा दिसला असता.

कोंबडीचं तेल निखाऱ्यावर ठिबकलं आणि जाळ वर आला. एका बाजूची कणसं काळी पडू लागली. जळका वास सुटला. शेगडी माझ्यापासून हाताच्या अंतरावर. चिमटा तिथेच. घरात दूध उतू जाताना जसे हात धावतात तसे माझे हात पुढे झाले, आणि मी ते मागे घेतले. पाठीमागे एकात एक घट्ट धरले. जळू दे, म्हटलं. अन्न जळताना बघत उभी राहिले, देवाची क्षमा मागत. धूर दाराच्या फटीतून आत शिरत होता. मी मनात म्हणत होते, घे वास. तू कँटीनमध्ये शिरलास की भांड्याचं झाकण न काढता खालून लागलंय म्हणून सांगायचास. घे.

जाळ जाळीच्या वर चढला. मी वाळूच्या बादलीकडे वळणार, तेवढ्यात कडीचा आवाज झाला.

डोक्यावरून पंचा ओढलेला तो बाहेर आला. जाळासमोर येऊन थांबला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं, आता पळेल, आणि तसा पळाला तर तो दाराच्या आत जाईल की कठड्याकडे, तेही मला कळेना. मी हात पुढे केला नाही. देवाचं नावही घेतलं नाही.

"सरक," तो मला म्हणाला.

उजव्या हाताने त्याने चिमटा उचलला. आखडलेल्या डाव्या हाताला पंच्याचं टोक गुंडाळून जाळीची कड धरली, ती आडवी ओढली, निखारे दोन्हीकडे पांगवले. जाळ बसला. मग कोंबडी कडेला, कणसं उलटी, कांदे बाहेर. पंचा हातात गेला होता, त्यामुळे डोकं उघडं पडलं होतं. ते त्याच्या लक्षात नव्हतं, माझ्या होतं.

"चष्मे लावा," सिस्टर म्हणाली. सूर्याच्या कडेवर उजेडाचा एक थेंब फुटला आणि गच्चीभर सावल्या पडल्या. लोक टाळ्या वाजवू लागले. मग भुकेची आठवण होऊन एकेक जण शेगडीकडे वळला.

टेलरभाऊ सगळ्यांत पुढे होते. ते थांबले, म्हणून मागचेही थांबले. सेक्रेटरींच्या पत्नींनी मान चटकन दुसरीकडे फिरवली. त्याने ती फिरवताना बघितली. त्याच्या हातातला चिमटा थांबला.

जन्मभर चेष्टा करणारा तो माणूस एक शब्द बोलेना. मी त्यांच्याकडे बघत होते. बोला, मनात म्हणत होते, काहीही बोला.

"एवढं तेल कोणी ओतलं, काका?" माझ्या मुलाने खाली बघतच विचारलं.

"मी," टेलरभाऊ म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "चुकलं का?"

"गिऱ्हाइकाचा कपडा असा जाळला असतात का?"

"गिऱ्हाईक मारतं रे बाबा."

"मग आचारी मारत नाही वाटतं?"

टेलरभाऊ हसले नाहीत. पुढे होऊन, त्याच्या डाव्या बाजूलाच, खुर्ची ओढून बसले आणि एक काळं झालेलं कणीस उचलून सोलू लागले. मागून कोणीतरी थाळ्या मांडायला घेतल्या. उजेड वाढत होता. त्याच्या मानेवरची गुलाबी, ताणलेली कातडी आता मला स्वच्छ दिसत होती, म्हणजे सगळ्यांनाच दिसत असणार. तो एकदा दाराकडे बघून घेत होता, एकदा शेगडीकडे. दार उघडंच होतं, चार पावलांवर.

सेक्रेटरींनी थाळी पुढे केली आणि विचारलं, "बटाटे झाले का?"

त्याने एक बटाटा चिमट्यात धरून दाबून बघितला. मग त्याने मला बघितलं, भिंतीला टेकून उभी असलेली. किती दिवस मी जेवले नव्हते हे त्याला ठाऊक असावं, कारण नजर त्याने लगेच खाली वळवली.

"कच्चे आहेत अजून," तो म्हणाला. "आईला खुर्ची द्या कोणीतरी. वेळ लागेल."

आणि त्याने बटाटे एकेक करून निखाऱ्यात खोल पुरायला घेतले.

मी खुर्चीत बसले. सिस्टरने माझ्या हातात चष्मा दिला, मी तो लावला नाही. ती मघाशीच सांगत होती की सूर्य पूर्ण सुटायला अजून तासाच्या वर जाईल. मी डोळे मिटले आणि देवाला म्हटलं, बटाट्यांनाही तेवढा वेळ लागू दे.