ह-चं शेपूट

अवजारांच्या वहीवरून बाईंचं बोट भराभर खाली सरकत होतं, ते एका ओळीवर अडलं. घण दोन, पहारी तीन, घमेली चार. पुढे मुकादमाची वाकडीतिकडी सही, वेळ साडेनऊ, आणि कामाच्या रकान्यात एक पत्ता. तो पत्ता बाईंनी मंगळवारीच लिहिला होता.

“ही गाडी घण घेऊन कशाला गेली?”

कोठीवाल्याने मान वर केली नाही. “रॅम्प पाडायला. तुमचीच चिठ्ठी होती की, बाई.”

“पाडायला नाही, पाहायला.”

“पाहायला घण कशाला लागतो?” कोठीवाला म्हणाला, आणि आपण मोठा विनोद केल्यासारखा हसला. बाई तोवर दाराबाहेर होत्या.

गावभरची गाऱ्हाणी ज्या मंडळापुढे येतात, त्या मंडळाच्या बाई टिपणीस. कुणाच्या गच्चीचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं, कुणाच्या झाडाची फांदी कुणाच्या खिडकीत शिरते, हे सगळं तेवीस वर्षं त्यांच्या हातून कागदावर उतरलं होतं. छापील आदेशावर चार सह्या व्हायला पंधरा दिवस लागायचे, म्हणून निकाल झाला की बाई एक चिठ्ठी लिहून मुकादमाला द्यायच्या आणि तो कामाला लागायचा. ही चिठ्ठी कुठल्याच नियमात बसत नव्हती, पण शहर तिच्यावरच चाललं होतं. कारण बाईंचं अक्षर. ऑफिसात त्यांना पाठीमागे मोतीबाई म्हणत, आणि हे त्यांना माहीत नाही असंही सगळे समजून चालत.

त्यांनी मुकादमाला फोन लावला. फोन वाजत राहिला. कामावर असताना फोन गाडीत ठेवायचा, ही शिस्त त्याला बाईंनीच लावली होती.

बस मिळाली, पण दुसऱ्याच चौकात वळली. सरळ रस्ता जलवाहिनीसाठी खणला होता. ती चिठ्ठीही बाईंचीच. बसायला जागा असून त्या उभ्याच राहिल्या. मग न राहवून बसल्या, आणि पिशवीतून कार्बनची प्रत असलेलं पुस्तक काढलं. मंगळवारचं पान उघडायला बोटं धजत नव्हती.

‘सदर रॅम्प जागेवर जाऊन पाडावा व कळवावे.’

स्वच्छ लिहिलं होतं. शंकेला जागाच नव्हती.

ह आणि ड यांच्यात फरक तो केवढा. वळण तेच, फक्त ह-ला खाली एक शेपूट असतं. ते काढायच्या आधीच बाईंनी पेन उचललं होतं. का उचललं, ते जगात फक्त त्यांना ठाऊक होतं. गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात मधेच थरथरायला लागायचा. डाव्या हाताने मनगट दाबून धरलं की चार ओळी निभायच्या, पाचव्या ओळीला पुन्हा सुरू. कपबशी वाजते म्हणून त्यांनी ऑफिसात चहा सोडला होता आणि पित्ताचं कारण पुढे केलं होतं. घरी लेकीलाही पित्तच सांगितलं होतं. निवृत्तीला अकरा महिने उरले होते. तेवढे रेटून न्यायचे, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

आणि आता त्या शेपटापायी एक म्हातारी घरात कोंडली जाणार होती.

मंगळवारी त्या घरची सून मंडळापुढे आली होती. शेजारच्या दुकानदाराची तक्रार होती, रॅम्प दोन फूट फुटपाथवर आलाय म्हणून. सून एवढंच म्हणाली, “सासूबाई दोन वर्षं दाराबाहेर पडल्या नव्हत्या. रॅम्प झाल्यापासून रोज कोपऱ्यापर्यंत खुर्ची ढकलत नेते. रॅम्प गेला की त्या परत खिडकीत.” अध्यक्ष डोळे चोळत म्हणाले होते, “आधी कुणीतरी जाऊन पाहून या. मग बघू.” बाईंना बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याच्या भरातच त्यांनी चिठ्ठी लिहिली होती.

एक थांबा आधीच बस गर्दीत अडकली. बाई उतरल्या आणि चालू लागल्या, मग चक्क पळू लागल्या. पदर खांद्यावरून घसरत होता, पिशवी गुडघ्यावर आपटत होती. घणाचा आवाज येतोय का म्हणून त्या मधेच थांबून कान द्यायच्या. आवाज नव्हता. म्हणजे अजून सुरुवात नसेल. किंवा मग सगळं उरकलं असेल.

कोपऱ्यावरून वळल्या तर मंडळाची गाडी दिसली. दोन्ही घण भिंतीला टेकवून ठेवले होते. तीन मजूर फुटपाथवर बसून चहा पीत होते. आणि रॅम्प जागच्या जागी होता. त्याच्यावर चाकांच्या खुर्चीत एक म्हातारी उन्हात बसली होती, मांडीवर शाल घेऊन. मुकादम रॅम्पसमोर उभा राहून त्याच्याकडे टक लावून बघत होता.

“काय करताय?” बाईंना धाप लागली होती.

“पाहतोय,” मुकादम म्हणाला. “पाऊण तास झाला.”

त्याने खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि त्या एका शब्दावर अंगठा ठेवला.

“वीस वर्षं तुमचं अक्षर वाचतोय, बाई. तुमचा ह असा नसतो. पण तुमचा ड पण असा नसतो. म्हटलं, घण एकदा पडला की परत उचलून काही उपयोग नाही. तुमच्या टेबलावर फोन केला, तर तुम्ही निघालात म्हणाले. मग काय, पाहत बसलो.”

बाईंना एकदम रडू आलं. त्यांनी ते पदराने घाम पुसल्यासारखं पुसलं.

सून आतून चहाचा ट्रे घेऊन आली होती. “घ्या ना बाई, दमलात.”

“नको. पित्त होतं मला.”

मुकादमाने कोरी चिठ्ठी आणि पेन पुढे केलं. “आता हे नीट लिहून द्या. उद्या दुसऱ्या पाळीचा मुकादम आला तर तो नाही विचारत बसायचा. कागदावर ड दिसला की पाडून मोकळा होईल.”

बाईंनी पुस्तकाचा आधार घेऊन चिठ्ठी धरली. पेन टेकवलं. पळून आल्याने हात जास्तच बिथरला होता, आणि आज डावा हातही साथ देईना. कागदावर एक रेघ उमटली, ती शाळेतल्या पोरानेही काढली नसती. मजूर बघत होते. सून बघत होती. मुकादमाने मात्र नजर रॅम्पकडे वळवली.

बाईंनी पेन त्याच्यापुढे धरलं.

“तुम्ही लिहा. मी सांगते.”

मुकादमाने पेन घेतलं. तो जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरत लिहू लागला. ‘पा’ झाल्यावर थांबला.

“ह-चं शेपूट लांब काढा,” बाई म्हणाल्या.

त्याने ते एवढं लांब काढलं की खालच्या ओळीत घुसलं.

“सही?”

“सही माझीच लागणार.” बाईंनी सही केली. मनगट धरलं नाही. नाव ओळखू येत होतं, एवढंच. “आणि येत्या मंगळवारी अध्यक्षांना मीच सांगेन. चूक माझ्या हातून झाली, आणि का झाली, तेही सांगेन.”

मुकादमाने मान हलवली आणि चिठ्ठी खिशात ठेवली. मजूर घण गाडीत टाकायला उठले.

खुर्चीतली म्हातारी सुनेला म्हणाली, “बाईंना चहा दे.”

“त्यांना पित्त होतं, आई.”

“अर्धा कप दे. मला देतेस तसा.” म्हातारीने शालीखालून आपला हात काढून मांडीवर ठेवला. तो थरथरत होता. “भरलेला सांडतो.”

बाई रॅम्पच्या कडेला बसल्या. कप आला, तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.