साताऱ्याची गादी सरकली

मित्रांनो, मी गादी. दचकू नका, राजे बसायचे ती नव्हे. मी आपली कापसाची, निळ्या पट्ट्यांच्या खोळीची, एका कुशीला जळल्याचं भोक आणि त्या भोकावर हिरव्या लुगड्याचं ठिगळ असलेली म्हातारी गादी आहे. हल्ली माझ्यावर मांजरसुद्धा फार वेळ टेकत नाही. पण एके काळी माझ्यावर असा आळ आला होता, की तो आठवला तरी माझ्या पोटातल्या कापसाचा गोळा होतो.

माझा जन्म साताऱ्याच्या पेठेतला. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. एका पिंजाऱ्याने कापूस पिंजून मला भरलं आणि दुकानाच्या दारात उभं केलं. पलटणीतून सुटून आलेला नाथाजी हवालदार माझ्यासमोर थांबला. त्याने मला तळव्याने दाबून पाहिलं आणि म्हणाला, "इतकी वर्सं खंदकात निजलो. आता ह्येच्यावर निजायचं." मी मोटारीच्या टपावर बसून त्याच्या कृष्णाकाठच्या गावी आले.

त्या गावात सगळे घोंगडीवर नाहीतर वाकळेवर झोपणारे. "नाथाजीनं साताऱ्याची गादी आणली!" अशी हाकाटी झाली आणि लोक मला बघायला आले. नाथाजीचा चुलतभाऊ केरबा माझ्यावर बसून म्हणाला, "आयला, लोण्यात बसल्यागत वाटतंय गड्या!" मी फुगले, आधीच फुगलेली असूनही.

नाथाजीची आई चंद्राबाई मात्र मला कधी शिवली नाही. "मऊ अंथरुणानं मानूस मऊ पडतंय," ती म्हणे. "आमचं म्हातारं उभा जलम घोंगड्यावर निजलं. कवा कंबर धरली न्हाई." नाथाजीची बायको साळूबाई मात्र मला जपायची. उन्हात घालायची, काठीने झोडायची, खोळ धुवायची.

ही साळूबाई पायाळू होती. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. आमच्याकडे असा समज, की कुणाच्या पाठीत उसण भरली तर पायाळू माणसाने तिथे लाथ मारावी, उसण पळते. गावात पायाळू ती एकटीच. त्यामुळे मोठे मोठे मिशीवाले बाप्ये दारात येऊन पाठ करून उभे राहत. ती बिचारी लाजून आधी हात जोडी, मग हलकेच पाय लावी. मला फार हसू येई.

पण ते हसू फार दिवस टिकलं नाही. ऊस तुटला, गुऱ्हाळं लागली. गूळ झाला की तापलेली काहील, म्हणजे रसाची ती अवाढव्य कढई, चुलवाणावरून उतरवायला गडी दांडे घालून उचलतात. एका बाजूचा गडी आला नव्हता. नाथाजी म्हणाला, "मी हाय की!" आणि कमरेत वाकून त्याने दोघांचा भार एकट्याने घेतला. काहील उतरली, पण नाथाजी सरळ झाला नाही. त्याला चौघांनी उचलून घरी आणून माझ्यावर ठेवलं.

मित्रांनो, तेव्हा मला पहिला धक्का बसला. मी माझा सगळा मऊपणा त्याच्यासाठी पणाला लावला, पण मी जितकी मऊ होई तितका तो माझ्यात खचे आणि तितका ओरडे. कमरेतून निघालेली कळ डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जात होती. मी असून त्याला सुख नाही, हे मला कळेचना.

चंद्राबाईचा उपाय तयार होता. "साळू, उसण भरलीया. मार लाथ."

साळूबाई पांढरीफटक पडली. "आत्याबाई, धन्याला पाय लावू?"

"औषधाला पाप न्हाई. गावाच्या पाठीला चालतीया तुजी लाथ, आन नवऱ्याला न्हाई व्हय?"

"माज्यानं व्हायचं न्हाई," असं म्हणून ती चुलीपाशी जाऊन बसली, ती उठलीच नाही. मग काय, गावाची तोंडं सुटली. नवऱ्याला अंथरुणाला खिळवून ठेवायचाय हिला, लाथ मारली असती तर कवाच उठला असता, असं लोक तिच्या तोंडावर बोलले. ती खालमानेने ऐकून घेई.

एक दिवस नाथाजी भिंत धरून अंगणात गेला. परत आला तेव्हा डाव्या पायात चप्पल नव्हती. ती उंबऱ्याबाहेर पडली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. साळूबाईने त्याच्या पावलाला चिमटा काढला. "काय करतीस?" एवढंच त्याने विचारलं. त्याला चिमटा कळला नव्हता, तिचा वाकलेला हात तेवढा दिसला होता.  लढाईतून दोन्ही पायांनी परत आलेल्या माणसाचा पाय घरात बसून चालला होता.

केरबाने बैलगाडी जुंपली. गाडीत मी, माझ्यावर नाथाजी, आणि कडेला दोघी बायका. सांगलीला गोपाळकृष्ण नावाचे डॉक्टर होते, तेही लढाईत लष्करी दवाखान्यात काम करून आलेले. वाटेतल्या ओढ्यात गाडी कलंडली आणि मी जरा घसरले. खोटं कशाला बोलू, घसरले. चंद्राबाईने दात ओठ खात मला जागेवर ओढलं.

डॉक्टरांनी मला नाथाजीसकट मेजावर घेतलं. त्याचा पाय ताठ वर उचलून पाहिला, अंगठा वर करायला सांगितला, टाचणी टोचली. मग हात पुसत ते म्हणाले, "हवालदार, तुमची गादी सरकली आहे. सगळ्या दुखण्याचं मूळ तेच."

मी सुन्न झाले. मी? मी मूळ?

"व्हय डाक्टर!" चंद्राबाई उसळलीच. "वढ्यात म्या माझ्या डोळ्यांनी सरकताना बघितली! तरी मी म्हनत व्हते, ही साताऱ्याची अवदसा घरात नगं!"

डॉक्टरांना आधी काही समजेना. समजलं तेव्हा ते हसले, पण लगेच गंभीर झाले. माझ्या उसवलेल्या कोपऱ्यातून त्यांनी चिमूटभर कापूस ओढला, दोन काडेपेट्यांच्या मधे ठेवला आणि वरून दाबला. कापूस बाजूने बाहेर आला. "आजी, मानेपासून माकडहाडापर्यंत आपल्या मणक्यांच्या मधे अशा लहान लहान गाद्या असतात. यांची एक गादी अशी बाहेर सरकली आणि पायाकडे जाणाऱ्या शिरेवर बसली आहे."

माणसाच्या आत गाद्या असतात! मित्रांनो, मी इतकी वर्षं माणसाच्या पाठीखाली होते, पण पाठीच्या आत माझ्या बहिणी आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चंद्राबाईने मान डोलावली आणि म्हणाली, "पन सरकली ती गादीच न्हवं?"

"यावर दोन वाटा आहेत," डॉक्टर साळूबाईकडे वळले. "ऑपरेशन मुंबईत होतं. हात चांगला मिळाला तर पाय लवकर सुटतो. पण पाठ उघडायची म्हणजे धोका आहे, तो मी लपवणार नाही. दुसरी वाट म्हणजे कठीण फळीवर सपाट निजायचं, पायाला वजन बांधायचं. पुष्कळांना त्यानं आराम पडतो, पण फार वेळ लागतो. आणि पडेलच, असं वचन मी देत नाही."

"आवं डाक्टर," साळूबाई पदर घट्ट धरून म्हणाली, "तुमच्या सख्ख्या भावाला झालं असतं तर?"

डॉक्टर म्हणाले, "आधी फळी. पण पायावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली असती. पाय आणखी लुळा पडला किंवा लघवी अडली, तर एक दिवसही न घालवता मुंबई गाठली असती."

"आन पायाळूची लाथ?"

"कुणी मारली?"

"न्हाई मारली. म्या मारली न्हाई. समदी म्हनत्यात…" 

"मारली नाहीत ते उत्तम केलंत. लाथ नको, तापल्या लोखंडाचा डाग नको, ओढाताण नको."

साळूबाईने तिथेच डोळ्यांना पदर लावला. नाथाजी आढ्याकडे बघत म्हणाला, "ही म्हनंल तसं." आणि ती म्हणाली, "फळी."

पण घरात माणसाएवढी फळी कुठली? साळूबाईने केरबाला घेऊन घराचं दार काढलं आणि सोप्यात दोन ओंडक्यांवर आडवं ठेवलं. त्यावर नाथाजी, पायाला पट्टी, पट्टीला वाळूची पिशवी. सगळा गाव थक्क झाला. चंद्राबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, बिनदाराचं घर! चोर शिरला म्हंजे?"

"शिरू द्या. लय तर गादी नेईल. धनी ऱ्हातील."

हा मला आणखी एक धक्का. मला गुंडाळून कोपऱ्यात उभं केलं होतं. एवढ्या कौतुकाची मी, आणि माझी जागा एका किडक्या दाराने घेतली!

दिवस जात राहिले. पावसाळ्यातल्या आडसाली उसाच्या लागणी झाल्या, तरी नाथाजी दारावर तसाच. साळूबाई रोज कडब्याची काडी त्याच्या तळपायावरून फिरवी आणि त्याच्या तोंडाकडे पाही. तो डोळे मिटून घेई. येणारे-जाणारे म्हणत, "मढ्यागत पडलंय. हिच्या हट्टानं गेलं पोरगं." मी कोपऱ्यातून पाही, की एकदा ठेवलेली काडी ती पुन्हा उचलून फिरवते. तिलाही खात्री नव्हती.

एका दुपारी ती नदीला धुणं घेऊन गेली. चंद्राबाईने ही वेळ हेरलेली होती. धनगरवाडीचा बिराप्पा आला. बैलांना डाग देणारा, आणि बोलावलं तर माणसांनाही. वाईट माणूस नव्हता तो. त्याने शेगडी पेटवली आणि विळा निखाऱ्यांत खुपसला. विळा काळ्याचा तांबडा झाला. चंद्राबाई लेकाच्या उशाशी रडत होती.

"द्या डाग, आये," नाथाजी म्हणाला. "आता काय बी करा." आणि तो सावकाश पालथा झाला.

मला ओरडायला तोंड नव्हतं. बिराप्पाने विळा उचलला. तेवढ्यात उंबऱ्यावर सावली पडली. दार असतं तर ते लावून घेतलेलं असतं, आणि तिला आत येताच आलं नसतं. डोक्यावर ओल्या धुण्याची पाटी घेतलेली साळूबाई तिथे उभी होती.

तिने पाटी खाली टाकली, दोन ढांगांत आली, पाय उचलला आणि पेटत्या शेगडीला लाथ घातली. शेगडी भिंतीवर जाऊन आपटली. निखारे सोपाभर उधळले. बिराप्पाच्या हातातला विळा भुईवर पडला. एक निखारा माझ्या कुशीत शिरला आणि मी धुमसू लागले. साळूबाईने ओलं लुगडं उचलून माझ्यावर फेकलं, तेव्हा कुठे मी वाचले.

मग ती मटकन खाली बसली. तळपाय भाजून सोलला होता. "आत्याबाई," ती धापा टाकत म्हणाली, "मारली बगा पायाळूनं लाथ. आता तरी उसण पळंल न्हवं?"

बिराप्पाने विळा उचलला, पाणी घालून विझवला. "पोरी, पायाला कोरफड लाव," एवढं म्हणून तो गेला.  चंद्राबाई मागच्या परड्यात जाऊन कोरफड घेऊन आली, सुनेचं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं आणि गर लावू लागली. सासूने सुनेचे पाय धरलेले त्या घराने प्रथमच पाहिले.

त्यानंतर किती दिवस गेले, मी मोजले नाहीत. एका सकाळी काडी फिरली आणि नाथाजीचा अंगठा मागे ओढला गेला. "गुदगुल्या नगं करू," तो म्हणाला. साळूबाई हसली आणि लगेच रडली. पुढे तो उठला, काठी घेऊन चालला. डावा पाय जरासा ओढतो, तो कायमचा. दार पुन्हा बसवलं ते साळूबाई आणि केरबाने. नाथाजीला कुणी हात लावू दिला नाही.

मित्रांनो, मी आता जीर्ण झाले आहे. मला अधूनमधून ऊन दाखवा, एवढंच माझं मागणं आहे. पण तुमच्या पाठीतल्या माझ्या धाकट्या बहिणींना कुणी ऊन दाखवत नाही, त्यांना ठिगळही लावता येत नाही. जड उचलायचं तर कमरेत नका वाकू, गुडघ्यात वाका. ज्याचा भार त्याला हाक मारा. आणि पाठ धरली तर लाथ आणि विळा शोधू नका. जाणत्याला दाखवा, नीट विचारा आणि मग धीर धरा.

माझं ठिगळ चंद्राबाईने स्वतः लावलं, आपल्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून. शेजारणींनी विचारलं, "आक्का, पोरगं बरं झालं ते कशानं म्हनायचं?" सुईत दोरा ओवत ती म्हणाली, "गादी सरकली व्हती बायांनो. पन सून जागची सरकली न्हाई."